दोन दाबांमधलं अंतर

मी एक ओळ आहे. कवितेतली नाही, वहीतलीही नाही. एका संगणकातल्या फायलीत, चारशे बाराव्या क्रमांकावर मी राहते. माझ्या पुढेमागे हजारो ओळी आहेत. त्यांतल्या बहुतेकींना आपण खऱ्या आहोत हे पायरीपायरीने दाखवून द्यावं लागलं. मला नाही लागलं. माझा पहिलाच शब्द होता ‘समजा’. आणि एकदा ‘समजा’ म्हटलं की कोण कशाला विचारतो?

जिने मला लिहिलं तिला ऑफिसात सगळे मास्तरीणबाई म्हणत. पूर्वी ती कॉलेजात गणित शिकवायची. इथे आली तरी तिची खोड काही गेली नव्हती. कुणी काही सांगितलं की तिचं ‘कशावरून?’ ठरलेलं. साहेबांनी एकदा ‘आज उकडतंय’ म्हटलं, तर म्हणाली, ‘कशावरून?’ साहेबांनी पंखा वाढवला आणि गप्प बसले.

त्या ऑफिसात कारखान्यांतल्या यंत्रांसाठी कंट्रोलर बनायचे. कंट्रोलर म्हणजे यंत्राच्या बाजूला बसवलेली छोटी पेटी. यंत्राने कधी हलायचं, कधी थांबायचं, हे ती ठरवते. मास्तरणीच्या वाट्याला आलेली पेटी होती बुटांचे सोल कापणाऱ्या प्रेससाठी. कामगार रबराचा तक्ता हाताने नीट ठेवतो, पायाने पेडल दाबतो आणि वरून धारदार साचा खाली येतो. साच्यासमोर न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. हात आत गेला आणि किरण तुटला, की पेटीने साचा जागच्या जागी रोखायचा.

पेटीच्या आत कामं रांगेने होत. जो आधी येईल त्याचं आधी. पेडल दाबलं की एक काम रांगेत, किरण तुटला की एक काम रांगेत, दिवा पेटवायचा तरी एक काम रांगेत. मास्तरणीला सिद्ध करायचं होतं, की हाताचं काम, म्हणजे किरण तुटल्यावर साचा रोखायचं काम, कधीही येवो, ते पंधरा मिलिसेकंदांच्या आत पुरं होणारच. एका सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यांतले पंधरा. एवढ्यात तुमची पापणीसुद्धा लवत नाही.

ही सिद्धता ती कागदावर करत नव्हती. एक प्रोग्राम होता, त्याला ती तपासनीस म्हणायची. तिने एक पायरी लिहायची, त्याने तपासायची. कारण पटलं तर पुढे, नाही तर लाल रेघ. तो कुणाचा भाऊ नाही की मेहुणा नाही. ‘हे तर उघडच आहे’ असं त्याला सांगून चालत नसे. सात महिने दोघांचं असं रोजचं भांडण चाललं होतं.

आता, हाताचं काम किती थांबेल हे सांगायचं, तर रांगेत त्याच्या आधी किती जण उभे असतील हे ठाऊक हवं. म्हणजे कामं येतात तरी कशी, हे आधी लिहायला हवं. म्हणून तिने आवकेबद्दलच्या ओळी लिहिल्या. कुठल्या क्षणी कुठली कामं येतात त्याची यादी. एकच काम दोनदा येत नाही. काम आल्याशिवाय सुरू होत नाही. आणि मग एका दुपारी, खिडकीजवळच्या टेबलाशी, माझा जन्म झाला.

‘समजा, पेडलची कोणतीही दोन कामं एकमेकांपासून निदान शंभर मिलिसेकंद दूर येतात.’

शंभर हा आकडा तिने हवेतून काढला नव्हता. ती खुर्चीत बसून बुटाने जमिनीवर टकटक करत होती, जमेल तितकी भरभर, आणि समोर घड्याळ लावून मोजत होती. कितीही घाई केली तरी दोन टकटकींत दीडशेच्या खाली तिचा पाय जाईना. म्हणून तिने हात राखून शंभर धरले.

तेवढ्यात वायरमन काका आले. पेट्यांची जोडणी तेच करत. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि विचारलं, “काय मास्तरीणबाई, जमिनीत पाणी लागतंय का बघताय?”

ती हसली आणि तिने त्यांना माझ्याबद्दल सांगितलं.

“पाय एकदाच पडतो हो,” ते म्हणाले, “पण पेडल एकदाच बोलेल असं नाही. आत एक पत्र्याची पट्टी असते. ती झिजली की टेकते, उडते, परत टेकते. तुम्हाला वाटतं एकदा दाबलं, आणि आत पाच-सात दाब होऊन गेलेले असतात.”

“मग काय करता?”

“नव्या पेडलला नाही होत. जुनं झालं की बदलायचं.”

ते गेल्यावर तिने माझ्या डोक्यावर एक टीप लिहिली, ‘झिजलेल्या पेडलचं काय? काकांकडून मोजून घेणे.’ अशा टिपा माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या असतात. तपासनीस त्या वाचत नाही.

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते. माझ्यावर टेकून केवढं बांधकाम चाललं होतं! दर दहा-वीस ओळींनी कुणीतरी माझं नाव घ्यायचं. पेडलचं एकच काम रांगेत असेल, कारण मी. रांग एवढीच लांब होईल, कारण मी. पायाच्या दगडाला घराचा अभिमान वाटावा तसा मला वाटायचा. मी खरी आहे का, हा विचार माझ्याही मनाला शिवला नाही.

शेवटची पायरी तपासनिसाने मान्य केली तेव्हा मास्तरणीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि कितीतरी वेळ तशीच बसली. मग आईला फोन लावला.

“झालं गं आई. सिद्ध झालं.”

“काय झालं सिद्ध?”

“की यंत्र पंधरा मिलिसेकंदांत थांबतं.”

“आणि तुला सात महिने लागले?” आई म्हणाली. “बरं झालं, तू यंत्र नाहीस.”

फाईल साहेबांकडे द्यायच्या आदल्या दिवशी मास्तरीण साफसफाईला बसली. राहिलेल्या टिपा एकेक करून निकालात काढत होती. माझ्यापाशी आली. टीप वाचली. फोन उचलून काकांचा नंबर फिरवला. वाजत राहिला. काका आठवडाभर रजेवर होते. तिने फोन ठेवला, पडद्याकडे पाहत राहिली, आणि मग स्वतःशीच म्हणाली, “नव्याला होत नाही म्हणाले होते.” आणि टीप पुसली.

मला त्या क्षणी ओरडता आलं असतं तर! पण ओळीला आवाज नसतो. आणि खरं सांगू? आवाज असता तरी मी ओरडले नसते. टीप गेली तेव्हा मला हलकंच वाटलं होतं. कपाळावरचा डाग पुसल्यासारखं.

पेटीवर लावायला साहेबांनी एक पट्टी छापून घेतली होती. ‘हात आत येताच थांबते. गणिताने सिद्ध.’

“साहेब, अटी पण लिहा ना,” मास्तरीण म्हणाली. “अमुक समजून सिद्ध आहे, असं.”

“अट लिहिली की गिऱ्हाईक अटच वाचतं, बाई. मागे जोडपत्रात आहे ना सगळं?”

मी जोडपत्रात होते. एकेचाळिसाव्या पानावर, बारीक अक्षरांत. जी बाई उकाड्याला कशावरून विचारायची, ती तेव्हा गप्प बसली.

पेट्या गेल्या. तीन वर्षं गेली. फाईल क्वचितच उघडायची, आणि फाईल उघडली नाही की मला जगातलं काही कळत नाही.

मग एका सकाळी ती उघडली. समोर मास्तरीण होती, शेजारी काका, मागे साहेब उभे. टेबलावर एक पेटी होती, खरचटलेली, रबराच्या भुकटीने माखलेली. तिच्यावरची पट्टी अजून शाबूत होती.

एका बुटांच्या कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्या बाईंच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती.

काकांनी पेटीच्या आतली नोंद बाहेर काढली आणि मास्तरणीने ती वाचली. आठ मिलिसेकंदांत पेडलचे तेवीस दाब. एकदाच पडलेल्या पायाचे तेवीस. त्यांतल्या पहिल्याने साचा सुटला. साचा खाली येत असतानाच तक्ता सरकला म्हणून बाईंचा हात पुढे गेला. किरण तुटला, हाताचं काम आलं आणि शिस्तीत रांगेच्या शेवटी उभं राहिलं, उरलेल्या बावीस निरर्थक कामांच्या मागे. पंधराच्या जागी पन्नासच्या वर मिलिसेकंद लागले.

मास्तरणीने सगळी सिद्धता पुन्हा तपासायला लावली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. एकही लाल रेघ नाही. तपासनिसाने परत एकदा सांगितलं, सगळं बरोबर आहे.

“म्हणजे सिद्धता चुकली नाही?” साहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात किंचित सुटकेचा भाव होता.

“सिद्धता नाही चुकली,” ती म्हणाली. मग तिने माझ्यावर बोट ठेवलं. “समजा चुकलं.”

काका हळूच म्हणाले, “मी तेव्हा बोललो होतो, मास्तरीणबाई.”

“हो काका. आणि मी ते लिहून ठेवलं होतं. पुसलं पण मीच.”

आठवड्याने ती आणि काका त्या कारखान्यात गेले. मोजायचं यंत्र लॅपटॉपला जोडलं होतं आणि फाईल उघडी होती, म्हणून मीही होते. रबराच्या करपट वासाबद्दल तिथली माणसं बोलत होती. मला वास कळत नाही. त्या बाई आल्या. सगळे त्यांना प्रेसवाल्या ताई म्हणत. पंधरा वर्षं त्या त्याच जागी उभ्या होत्या. आता त्यांना बुटांचे डबे मोजायच्या टेबलावर बसवलं होतं.

मास्तरीण म्हणाली, “ताई, ते थांबण्याचं गणित मी केलं होतं.”

“पेडल महिनाभर खडखडत होतं,” ताई म्हणाल्या. “मी मुकादमांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, पेटीवर लिहिलंय ना सिद्ध आहे म्हणून, काही होत नाही.” मग म्हणाल्या, “पण खरं सांगू का बाई, ते मला इतकं लागत नाही. पेटी यायच्या आधी मी हात पूर्ण मागे घेतल्याशिवाय पाय द्यायचेच नाही. बारा वर्षांत नख दुखावलं नाही. ती पट्टी वाचली आणि मी सैल झाले.”

मग त्यांनी मास्तरणीला विचारलं,

“तुम्ही कधी प्रेसवर उभ्या राहिलात?”

“नाही.”

“मग या. साचा काढलेला आहे, घाबरू नका. पाय द्या.”

मास्तरणीने पेडलवर पाय ठेवला आणि दाबला. लॅपटॉपवर एकोणीस रेघा उमटल्या. पुन्हा दाबला. सव्वीस.

“पायाला कळतंय ना, खाली बारीक कुरकुर?” ताईंनी विचारलं.

“कळतंय,” ती म्हणाली, आणि मग रडली. ताईंनी तिला गप्प केलं नाही. रागावल्याही नाहीत. उजव्या हाताने स्टूल पुढे सरकवलं, एवढंच.

परत आल्यावर मास्तरणीने माझ्या जागी नवी ओळ लिहिली. तिच्यात दोन कामांमधल्या अंतराचा दावाच नव्हता. कोणत्याही आठ मिलिसेकंदांत पेडलची जास्तीत जास्त चाळीस कामं येऊ शकतात, असं ती म्हणत होती. काकांनी निरनिराळ्या कारखान्यांतली साठ जुनी पेडलं आणून मोजली, तेव्हा कुठे हा चाळीस ठरला. ओळ लिहिताच तपासनिसाने शेवटचं प्रमेय नाकारलं. खालपर्यंत लाल रेघाच रेघा. माझ्या जिवावर उभं असलेलं सगळं एका दुपारी कोसळलं.

मग पेटीच बदलली. हाताचं काम आता रांगेत उभं राहत नाही, ते सगळ्यांच्या पुढे जातं. सिद्धता पुन्हा व्हायला चार महिने लागले. जुन्या पेट्या परत मागवल्या. नव्या पट्टीवर अट मोठ्या अक्षरांत आहे, आणि खाली लिहिलंय, ‘पेडल खडखडलं तर यंत्र बंद करा.’ हे वाक्य ताईंनी सांगितलं होतं, जसंच्या तसं. साहेबांनी त्यात एका शब्दाचाही फेरफार केला नाही.

सगळं नीट झालं, असं वाटेल तुम्हाला. पण ताई एकदा काकांशी फोनवर बोलल्या, तेव्हा फाईल उघडी होती. सुईत दोरा ओवायला आता लेकीला हाक मारावी लागते, असं त्या हसत सांगत होत्या. मला ते हसणं सोसवलं नाही.

मी अजून त्याच फायलीत आहे. मास्तरणीने मला पुसलं नाही. दोन्ही बाजूंना खुणा घालून कोंडून ठेवलंय, म्हणजे तपासनीस मला वगळून पुढे जातो. कुणी माझं नाव घेत नाही. मी वाईट नव्हते हो. नव्या पेडलपुरती खरीसुद्धा होते. पण जितकी खरी होते त्याहून जास्त भार माझ्यावर आला, आणि मी तो मिरवत राहिले.

माझं एवढंच मागणं आहे. तुम्हीही कामं करता, घरं बांधता, औषधं देता, गाड्या चालवता. कुठेतरी ‘समजा’ म्हणावंच लागतं, त्याशिवाय कुणाचंच पाऊल पुढे पडत नाही. जरूर म्हणा. फक्त ज्याचा हात आत असतो त्याला एकदा विचारून म्हणा. त्याने फोन उचलला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा.