धुतलेली शिंक

मावशींची शिंक साधीसुधी नव्हती. आधी नाकपुड्या थरथरत, मग डोळे मिटत, मग उजवा हात चौकातल्या पोलिसासारखा वर जाई आणि सगळं मैदान श्वास रोखून थांबे. त्यानंतर जो धमाका होई त्याने पंपघराच्या पत्र्यावरची कबुतरं उडत आणि गोल करून उभ्या असलेल्या सगळ्या बायका एका सुरात ओरडत, "पाणी आलं!"

मगच सामना सुरू.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या व्हॉलीबॉल संघाची ही रीत फार जुनी. त्याआधी हा संघ दरवर्षी पहिल्याच फेरीत हरून, चहा पिऊन घरी जात असे. एका वर्षी सामन्याच्या तोंडावर, बॅग झटकून चेंडू बाहेर काढताना, भांडार सांभाळणाऱ्या आणि संघातही खेळणाऱ्या मावशी शिंकल्या. समोरच्या संघाची कप्तान शिंकेला भयंकर मानणारी. तिचा चेहरा जो पडला तो शेवटपर्यंत वर आला नाही. पाणीवाल्या जिंकल्या! तेव्हापासून शिंकेशिवाय सर्व्हिस नाही. हळूहळू नियमही ठरले. चेंडू मावशींनीच काढायचा, शिंक मावशींचीच हवी आणि ती आपणहून यायला हवी. एकदा कुणीतरी घाईघाईत त्यांना मिरपूड हुंगवली, तर मावशी सामनाभर शिंकत राहिल्या आणि संघाचा पार भुगा झाला. मिरपूड कायमची बाद.

नमुनाला हे सगळं पहिल्यांदा कळलं तेव्हा ती हसली नव्हती. तिने फक्त विचारलं होतं, "मावशी इतर वेळी शिंकतात का?"

नमुना म्हणजे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतली बाई. गावभरच्या नळांचे नमुने तपासणं हे तिचं काम. पण संघाने तिला ते नाव दिलं ते केवळ कामावरून नव्हे. ती ग्लास उजेडात धरून पाहिल्याशिवाय पाणी पीत नसे. तिच्या प्रयोगशाळेत कुणाच्याही चपलांना प्रवेश नव्हता. बदली होऊन आल्यावर कितीतरी महिने ती जंतू वाढवून बघायच्या उबवणपेटीशेजारच्या स्टुलावर बसून एकटीच डबा खायची. कुणी तिला टाळत नव्हतं. सुरुवात कशी करायची तेवढंच तिला जमत नव्हतं. शेवटी एकदा पाण्याची बाटली तपासायला घेऊन आलेल्या टँकरवालीने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"काय हो, एवढी उंची नुसती कपाटावरची धूळ पुसायला वापरता?"

आणि हाताला धरून मैदानावर नेलं. त्या दुपारपासून नमुनाचा डबा भांडारातल्या लांब टेबलावर उघडू लागला, मावशींच्या शेजारी. त्या जागेवर दुसरं कुणी बसलं तर मावशी म्हणत, "ऊठ, ती येईल." आयुष्यात प्रथमच कुणीतरी तिची जागा धरून ठेवत होतं आणि ती जागा तिला कशाहीपेक्षा प्यारी होती.

म्हणूनच तर घोटाळा झाला.

सरावाच्या दिवशी मावशींचं नाक लाल होई, डोळे गळत, रात्री झोप नसे. नमुनाला ते बघवेना. शिवाय मावशी भांडारात कधीच शिंकत नाहीत, फक्त मैदानावर शिंकतात, हे तिच्या डोक्यातून जाईना. तिने चेंडूची बॅग तपासली. ती बॅग इतकी वर्षं पंपघरातल्या गळक्या टाकीखालच्या खुंटीवर लटकत होती. काचेच्या बशीत बॅगेतली धूळ पेरली, तर तीन रंगांची बुरशी अशी तरारून आली की नमुनाला क्षणभर अभिमानच वाटला. मग अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, कुणाला न सांगता, तिने बॅग उकळली, क्लोरीनमध्ये बुडवली, कडक उन्हात वाळवली, चेंडू स्पिरिटने पुसला. मावशींना अचानक सुख द्यायचं, एवढाच तिचा बेत होता.

अंतिम सामना नेहमीप्रमाणे वीजवाल्यांशी. त्यांचीही रीत होती. सगळ्या हातात हात घालून रांगेत उभ्या राहत, कप्तान पहिलीचा तळवा दाबे, तो 'करंट' हातोहात पुढे जाई आणि टोकाची उडी मारून किंचाळे, "चालू!" त्यांचं झालं. पंचांनी शिट्टी ओठांशी नेली आणि ते कौतुकाने पाणीवाल्यांकडे पाहू लागले. ते शाळेतले निवृत्त कवायतीचे मास्तर. शिंकेसाठी थांबायची त्यांनाही सवय होती.

मावशींनी बॅग झटकली. चेंडू काढला. सगळ्यांनी त्यावर हात ठेवले.

काही नाही.

मावशींनी दोन्ही नाकपुड्या फुगवून दीर्घ श्वास घेतला. "अगं बाई!" त्या आनंदाने म्हणाल्या, "आज नाक काय मोकळं आहे! लहानपणी असायचं तसं!"

गोलातल्या चेहऱ्यांवरचा रंग उतरला. बिलाच्या खिडकीवर बसून अख्ख्या गावाचा आरडाओरडा ऐकणारी कॅप्टन, जी कशालाही भीत नसे, ती कुजबुजली, "मावशी, असं नका बोलू."

"बॅगेला वास कसला येतोय?" टँकरवालीने नाक खुपसलं. "ही तर... स्वच्छ आहे!"

"मी धुतली," नमुना म्हणाली. तिच्या आवाजात अजून थोडासा आनंद शिल्लक होता. "तिच्यात बुरशी होती. त्यामुळेच मावशींना..."

पुढचं तिचं तिलाच ऐकू आलं आणि ती थांबली.

"नमुना," कॅप्टन सावकाश म्हणाली, "तू आमची शिंक धुतलीस?"

मग जे सुरू झालं त्याला ताळतंत्र नव्हतं. एकीने मावशींना आभाळाकडे बघायला लावलं, तर सूर्य ढगाआड. दुसरी पदराचं टोक पिळून नाकाशी नेऊ लागली.

"नाकात काही घालायचं नाही!" कॅप्टन गरजली. "नियम म्हणजे नियम!"

"नाकात नाही हो, नाकाच्या दारात!"

"दारातही नाही!"

टँकरवालीने मैदानाच्या कडेचं कबुतराचं पीस आणून मावशींच्या कानामागे फिरवलं. मावशी शिंकल्या नाहीत. गुदगुल्या होऊन इतक्या हसल्या की खाली बसल्या. पलीकडून वीजवाल्यांची कप्तान ओरडली, "काय हो पाणीवाल्या, आज नळ कोरडा का?" आणि त्यांची सगळी रांग खिदळली.

पंचांनी घड्याळ दाखवलं. शिट्टी झाली. सामना शिंकेविनाच सुरू झाला.

पहिला सेट म्हणजे नुसती दैना. टँकरवाली, जिचा फटका बसला की समोरच्या बायका मनगटं चोळत घरी जात, तिने चेंडू सरळ नेटमध्ये मारला. मग पुन्हा मारला. कॅप्टनची सर्व्हिस प्रेक्षकांतल्या एका काकांच्या डब्यात जाऊन पडली. चूक झाली की प्रत्येकीची नजर आधी मावशींच्या नाकाकडे आणि मग नमुनाकडे जाई. कुणी बोललं काहीच नाही. बोलल्या असत्या तर नमुनाला बरं वाटलं असतं. तिला डोळ्यांसमोर उबवणपेटीशेजारचं ते स्टूल दिसू लागलं, आणि त्यावर उघडलेला एकटा डबा.

शिंकेचा आणि खेळाचा काही संबंध नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण शिंक न आल्याचा आणि खेळाचा संबंध तर डोळ्यांदेखत दिसत होता! निरीक्षण नाकारायचं कसं?

सेट हरल्या. विश्रांतीची शिट्टी झाली आणि त्याच शिट्टीला नमुनाला आठवलं. अहवाल लिहून होईपर्यंत नमुना टाकायचा नाही, ही तिची नोकरीतली पहिल्या दिवसापासूनची सवय. बॅग उकळण्याआधी तिने ती कागदावर झटकली होती. ती धूळ बाटलीत भरली होती. बाटली कपाटात होती. अहवाल अजून लिहायचा होता!

ती पळत सुटली.

"अगं कुठे?" कॅप्टन ओरडली. "पळून जायला आत्ताच सुचलं?"

मैदान पंपघराच्या मागे, प्रयोगशाळा शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. नमुना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली, तिने कुलूप उघडलं आणि चिखलाच्या बुटांसकट, होय, बुटांसकट, आत शिरली. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ती कपाटापर्यंत चक्क घसरत गेली. बाटली उचलली आणि मागे वळून बुटांच्या ठशांकडे न पाहता परत धावली.

"ही काय?" कॅप्टनने विचारलं.

"धूळ," नमुना धापा टाकत म्हणाली. "बॅगेतली. मूळची."

"कृत्रिम शिंक चालत नाही."

"कृत्रिम कशी? तीच बॅग, तीच धूळ, तीच बुरशी. फक्त मध्ये एक दिवस बाटलीत राहिली."

कॅप्टन विचारात पडली. टँकरवाली म्हणाली, "आपण टँकरने पाणी दिलं तर ते पाणी खोटं असतं का?"

या युक्तिवादापुढे कुणाचं काही चालेना. नमुनाने चिमूटभर धूळ बॅगेत टाकली आणि बॅग मावशींच्या हातात दिली. गोल झाला. मावशींनी बॅग झटकली.

नाकपुड्या थरथरल्या. डोळे मिटले. उजवा हात वर गेला. पाणीवाल्या थांबल्या, वीजवाल्या थांबल्या, पंच थांबले.

हात हळूहळू खाली आला.

"गेली," मावशी अपराध्यासारख्या म्हणाल्या. "अगदी नाकापर्यंत आली होती गं."

आणि तेवढ्यात बारीक आवाज झाला. मांजराचं पिल्लू शिंकावं तसा.

नमुना शिंकली होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, पण उशीर झाला होता. सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. ती कानापर्यंत लाल झाली.

"ही चालते का?" कुणीतरी हळूच विचारलं. कॅप्टनसकट सगळ्यांच्या माना मावशींकडे वळल्या.

मावशींनी नाक पुसलं. भांडारात आलेला माल पारखून घेताना करत तसे डोळे बारीक केले. "बॅग कुणी धुतली? हिने. मग शिंक कुणाकडे जाणार? हिच्याकडेच. घरचीच आहे ना पोरगी? मग शिंकही घरचीच." आणि त्यांनी छाती भरून आरोळी ठोकली, "पाणी आलं!"

"पाणी आलं!" सगळ्या ओरडल्या, इतक्या जोरात की कबुतरं उडालीच.

पुढे काय सांगावं! टँकरवालीच्या पहिल्या फटक्याला वीजवाल्या दोन्हीकडे पांगल्या. कॅप्टन प्रत्येक गुणाला स्वतःच्याच पाठीवर थाप मारू लागली. नमुना नेटपाशी उडी मारून चेंडू अडवी आणि खाली येताना बेंबीच्या देठापासून किंचाळे. आपल्या घशात असा आवाज आहे याचा तिला पत्ताच नव्हता. दुसरा सेट पाणीवाल्यांचा.

तिसऱ्या सेटला मात्र वीजवाल्या पेटल्या. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. प्रेक्षकांतले काका डबा डोक्यावर धरून उभे. शेवटी चौदा-तेरा. पाणीवाल्यांना एकच गुण हवा आणि सर्व्हिस मावशींची.

मावशींची सर्व्हिस खालून, साधी, दळण टाकल्यासारखी. पंचांची शिट्टी झाली. मावशींनी डाव्या हातावर चेंडू धरला आणि त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या.

"आत्ता?" कॅप्टन कळवळली.

डोळे मिटले. उजवा हात वर गेला. इतक्या वर्षांची सवय. नेटच्या दोन्ही बाजूंना सगळ्या श्वास रोखून जागच्या जागी खिळल्या. मग धमाका झाला आणि त्या धमाक्यासरशी वरचा हात चेंडूवर येऊन आदळला. चेंडू वेडावाकडा उडाला, नेटच्या पट्टीवर बसला, कुठे जावं याचा जणू विचार केला आणि वीजवाल्यांच्या बाजूला अलगद टपकला. एकीनेही पाय हलवला नव्हता.

"शिंकत शिंकत सर्व्हिस चालते का?" वीजवाल्यांची कप्तान पंचांवर धावली.

पंचांनी खिशातलं नियमांचं पुस्तक मागून पुढे, पुढून मागे चाळलं. "शिंकू नये असं यात नाही," ते म्हणाले आणि वाऱ्यावर आलेल्या त्या धुळीने शिट्टीतच शिंकले. शिट्टी लांबलचक वाजली. सामना संपला!

नमुनाला कुणी उचललं ते तिला कळलं नाही. ती खांद्यांवर होती आणि तिथून पंपघराचा पत्रा जणू वरून दिसत होता. खालून मावशी ओरडत होत्या, "अगं सांभाळून, पुढच्या वर्षीही लागणार आहे ती!"

सोमवारी नमुनाने फरशीवरचे बुटांचे ठसे पुसले. दाराजवळचा एक मात्र राहू दिला. मग बाटली उजेडात धरली. तळाशी थोडीशीच धूळ उरली होती. शिंकेमुळे जिंकलो असं ती मुळीच मानत नव्हती. एका प्रयोगावरून काही सिद्ध होत नाही. तो पुन्हा करून पाहावा लागतो, म्हणजे पुढच्या वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या. त्यासाठी सामग्री पुरायला हवी.

जेवायच्या सुट्टीत ती आली नाही म्हणून मावशी तिला शोधत पंपघरात आल्या. नमुना स्टुलावर चढून, जुन्या बॅगेचा कापलेला बंद गळक्या टाकीखाली बांधत होती, आणि बाटलीतली चिमूटभर धूळ त्याला काळजीपूर्वक चोळत होती.

"चेंडूला नवी बॅग आणलीय, ती स्वच्छच राहील, मावशी," ती वरून म्हणाली. "वर्षभर तुमचं नाक मोकळं. हे फक्त अंतिम सामन्यापुरतं."

"पण करतेस काय?"

"शिंक विरजायला ठेवतेय."

मावशींनी स्टूल घट्ट धरलं. "मग हात धू आणि चल. तुझ्या जागेवर टँकरवाली बसू पाहतेय."