वळसंगची डिस्क

सिद्धेश्वरीने कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं विझली, पण तोवर तिनं ती दोनदा वाचली होती. तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप घातलं आहे. परवा दुपारी बारापर्यंत पैसे भरा, नाहीतर त्या कायमच्या जातील.

चादरी-टॉवेलांच्या अकराशे नक्ष्या. शुक्रवार पेठेतल्या या एवढ्याशा खोलीत बावीस वर्षं बसून काढलेल्या. कापड कारखानदार विणत, पण कुठल्या धाग्यावर फूल उमलायचं ते इथं ठरे.

"देऊन टाकू," तिचा नवरा महेश्वर म्हणाला. गिऱ्हाइकं तो सांभाळायचा. "नक्ष्या गेल्या तर आपण गेलो."

"चोराकडंच किल्ली मागायची? एकदा जेवून गेलेला पाहुणा वाट विसरतो होय? पुन्हा येईल की."

"मग करणार काय?"

"वळसंगला जाणार."

अमावास्येला कुणी नवी नक्षी काढायला टाकत नाही. त्या रिकाम्या दिवशी ती सगळ्या फायली एका डिस्कवर उतरवी, वळसंगला महेश्वरच्या आत्याकडे ठेवून येई आणि तिथली जुनी डिस्क परत आणी. दुकान जळो, बुडो, नक्ष्या दुसऱ्या गावात सुखरूप. पेठेतली माणसं हसत. सिद्धेश्वरी अमावास्येचा उतारा टाकायला निघाली म्हणत.

महेश्वरने स्कूटर काढली आणि दोघं वळसंगला पोचली.

"ये की. आज तर अमावास्या न्हाय," सुंदरम्मा आत्या म्हणाल्या आणि ट्रंकेतल्या लुगड्यांच्या घडीतून त्यांनी डिस्क काढून दिली.

सिद्धेश्वरीने तिच्यावर चिकटवलेली तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"आत्या, ही मागच्याच्या आधीच्या अमावास्येची. मागची कुठाय?"

"मागच्याला कोण आलंतं? तुला ताप होता म्हणं. वाट बघून बघून आंबील मी एकटीच प्याले."

ती नवऱ्याकडे वळली. तापात तिनं डिस्क पोचवायला त्याच्याच हाती दिली होती. तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होता.

"अमावास्येला वेस ओलांडू नये म्हणायची आई," तो म्हणाला. "डिस्क दुकानातच राहिली. कॉम्प्युटरलाच लावलेली. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

म्हणजे त्या डिस्कलाही कुलूप लागलं होतं.

"मी इतकी वर्षं दर अमावास्येला वेस ओलांडते," सिद्धेश्वरी म्हणाली. "तेव्हा नाही आठवली आई?"

आत्यांनी दोघांपुढं पाणी ठेवलं आणि त्या उगाच आत निघून गेल्या.

शेवटच्या दीड महिन्यातल्या सव्वीस नक्ष्या हातातल्या डिस्कवर नव्हत्या. त्यातल्या बहुतेक ईश्वरप्पांच्या कारखान्याच्या.

"सव्वीससाठी तरी देऊ या," महेश्वर हळूच म्हणाला. "चूक माझी आहे."

तिनं ओट्यावर बसूनच ईश्वरप्पांना फोन लावला. जे झालं ते सगळं सांगितलं, नवऱ्याचं नाव तेवढं घेतलं नाही.

"तुमच्या मागांवर वीस विणून झाल्यात, मामा. एकेक नग पाठवा. धागे मोजून परत काढते."

"सिद्धव्वा, डोळे फुटतील की गं. पैसे टाक आणि मोकळी हो. सगळेच टाकतात."

"म्हणूनच तो मागतो, मामा."

पलीकडं मागांच्या खडखडाटात त्यांनी कुणाला तरी हाक मारून टॉवेल काढून ठेवायला सांगितलं.

"पाठवतो," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत थांबीन. पुढं न्हाय."

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर पूर्ण पुसून कोरा करून आणला आणि वळसंगच्या डिस्कवरून जुन्या नक्ष्या त्यात घातल्या. सव्वीसांपैकी सहा अजून विणल्याच नव्हत्या. त्या ती आठवून काढू लागली. विणलेल्या वीस टॉवेलांचा गठ्ठा आला, तेव्हा महेश्वरने न सांगता भिंग उचललं. तो धागे मोजी, ती ग्राफच्या कागदावर चौकोन भरी. जेवणं झाली ती तिथंच.

तिसऱ्या दिवशी ते चौदाव्या टॉवेलावर होते. महेश्वरची नजर राहून राहून भिंतीवरच्या घड्याळाकडं जात होती.

"बारा वाजले," तो म्हणाला.

सिद्धेश्वरीने पेन्सिलीला टोक केलं.

"तांबडे किती?"

"सतरा."

"पुन्हा मोजा."

तो टॉवेलावर वाकला. या खेपेला त्यानं प्रत्येक धाग्यावर सुईचं टोक टेकवलं, घाई केली नाही.

"अठरा," तो म्हणाला. "मघाशी चुकलो होतो."

तिनं अठरा चौकोन भरले आणि कागद त्याच्याकडं सरकवला, तपासायला.