हिंदुरावांचा हुरडा

हिंदुरावांच्या दहाव्याला त्यांच्या बायकोनं, मथुराबाईंनी, चारचौघांत हुरडा सोडला. गेलेल्या माणसाला जे सर्वांत आवडायचं ते त्याच्या नावानं जन्मभरासाठी सोडायचं, ही त्यांच्या सासरची रीत. थोरल्या जावेनं नवरा गेल्यावर कारलं सोडून आपली सुटका करून घेतली होती. मथुराबाईंना असली पळवाट पटणारी नव्हती.

पुण्याजवळच्या मांजरी गावची जमीन इमारतींना देऊन हिंदुराव चौथ्या मजल्यावर राहायला गेले खरे, पण घरात त्यांचा पाय टिकेल तर शपथ. पाच गुंठे त्यांनी राखून ठेवले होते ते केवळ हुरड्याच्या जोंधळ्यासाठी. बिल्डर दरवर्षी ते मागायला यायचा आणि पोटभर हुरडा खाऊन हात हलवत परत जायचा. मुलगा विक्रम खराडीच्या कंपनीत लागला तेव्हापासून थंडीत त्याच्या ऑफिसातली पोरं आणि त्यांचा साहेबही यायचा. हिंदुराव सगळ्यांना पोत्यावर बसवायचे, साहेबाला मात्र मुद्दाम धुराच्या बाजूला. धूर देखण्या माणसाकडंच जातो, असं त्याला सांगायचे. साहेब डोळे पुसत खूश.

वर्ष सरलं. शेजारच्या शेतातल्या सोनबानं जोंधळा पेरून दिला होता, तो संक्रांतीला हुरड्यात आला. विक्रमनं रविवार ठरवला तेव्हा मथुराबाई नको म्हणाल्या. वर्षभरात त्या शेताकडं फिरकल्या नव्हत्या. नेम मोडला तर माणूस दुसऱ्यांदा जाईल, अशी धास्ती त्यांनी मनात धरली होती. पण नातीनं हात सोडला नाही, म्हणून त्या गेल्या आणि बांधावर लांब बसून राहिल्या.

विक्रमनं इंटरनेटवरून एक कागद छापून आणला होता. त्यात बघून त्यानं खड्डा खणला, गोवऱ्या रचल्या, आणि जाळ पुरता बसायच्या आतच कणसं आत खुपसली. निम्मी करपली, निम्मी कच्ची राहिली. सूनबाई रुपालीचे तळवे भाजले. नातीनं दोन दाणे चावले आणि आजोबांचा असा नव्हता म्हणून ताटली सरकवली.

हे बघवेना. मथुराबाईंनी पदर खोचला आणि उठून आल्या. निखारे पसरले, कणसं फिरवून फिरवून भाजली, पोत्यावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि हिरवीगार वाफाळती मूठ नातीच्या हातावर ठेवली. नातीनं त्यातली अर्धी त्यांच्यापुढं धरली.

"मी सोडलाय गं हुरडा. तुझ्या आजोबांना लई आवडायचा ना."

"पण आजोबा कुठं खायचे? ते नुसते सगळ्यांना द्यायचे."

मथुराबाई आठवू लागल्या. चौतीस वर्षांच्या संसारात हिंदुरावांच्या तोंडात हुरड्याची मूठ गेलेली त्यांना एकदाही आठवेना. मूठ चोळून झाली की ती कुणाच्या तरी हातावर पडायची. पहिली मथुराबाईंच्याच, अगदी लोकांसमोर, आणि त्या लाजून चूर व्हायच्या. सगळे पांगले की हिंदुराव घरी येऊन सकाळची गार भाकरी मिरचीशी खायचे. तेव्हा त्यांना वाटायचं, ह्यांचं पोट हुरड्यानं भरलंय, म्हणून एवढीच भूक. इतकं साधं आपल्याला कळलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. मग त्या रडल्या, वर्षभरात पहिल्यांदा मोकळेपणानं. कुणी त्यांना थांबवलं नाही.

डोळे पुसून त्या विक्रमला म्हणाल्या, "त्यांच्या आवडीचं सोडायचं तर लोकांना चारणं सोडाया पायजे. ते काय माझ्यानं व्हायचं न्हाय."

आणि नातीच्या हातावरचा हुरडा त्यांनी तोंडात टाकला. कोवळा होता, गोड होता. त्यांनी सावकाश चावून खाल्ला. मग पुढची कणसं निखाऱ्यात सारली.

"फुडल्या रविवारी तुझ्या हापिसातल्या पोरांना बोलव," त्या म्हणाल्या. "सायबालाबी आण. धुराकडची जागा रिकामी हाय."