खडूची अखंड रेघ

आत्याने आरमाराचं म्हातारं जहाज विकत घेतलं, तेव्हा अख्ख्या घराने कपाळावर हात मारला. समुद्रातले सुरुंग शोधण्यात त्याची उमर गेली होती आणि आता ते भंगारात निघालं होतं. आत्या म्हणाली, "इतकी वर्षं सुरुंग शोधले, आता माणसं वाहील. खाडीच्या या काठावरून त्या काठावर."

पलीकडच्या काठावर शाळा होती. पुलाचा वळसा घालून तिथे पोचायचं, तर सकाळची गोडातली गोड झोप बुडायची. म्हणून भाची पहिल्या दिवसापासून आत्याच्या बाजूची! तिला सगळे भोंगा म्हणत, कारण ती कुजबुजली तरी तिसऱ्या घरात ऐकू जायचं.

"करडा रंग कुठे दिसता कामा नये," आत्याचा हुकूम सुटला. "लढाईचे कपडे उतरवायचेत त्याचे."

मग काय! बाबांनी वरचा डेक पांढराशुभ्र केला आणि भोंगाने तळातली जाडजूड लोखंडी दारं. पाणी शिरलंच तर एकाच खोलीत अडावं, म्हणून बसवलेली दारं ती. कड्या रंगवल्या, बिजागऱ्या रंगवल्या, दाराच्या कडेची रबरी पट्टीसुद्धा सोडली नाही. वर आत्याची शाबासकी!

तपासणीच्या दिवशी तपासनीस बाई आल्या. त्यांची सही झाली तर फेरीबोट, नाही तर धक्क्यावरची जागा खाली करून थेट भंगारवाला. बाईंनी पर्समधून पांढरा खडू काढला, चौकटीच्या लोखंडी कडेवर घासला, दार घट्ट लावलं आणि उघडलं.

"रबरावर खडूची रेघ उमटायला हवी. पण पांढऱ्यावर पांढरं, दिसणार काय, कपाळ?" त्यांनी नखाने खरवडलं. "रबराला रंग फासलाय कुणी? वाळला की रबराचा दगड होतो हो! मग फटीतून पाणी येणारच."

भोंगाच्या तोंडचं पाणी पळालं.

"अति तेथे माती," बाबा पुटपुटले.

"हुकूम माझाच होता," म्हणत आत्या पायरीवर मटकन बसली.

बाईंना दया आली असावी. "जेवून येते, आणखी एक बोटही बघायचीय. संध्याकाळपर्यंत रबर मोकळं करा. चाकू लावू नका. रबर चिरलं तर संपलंच."

चाकू नाही, तर मग काय? भोंगाने दप्तर उपसलं, कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी काढली आणि हलक्या हाताने रबरावरून ओढली. रंगाची साल केळ्यासारखी सुटली! खाली काळंभोर, लुसलुशीत रबर, एक ओरखडा नाही.

पण दारं ढीगभर आणि पट्टी एक. भोंगा डेकवर धावली. धक्क्यापलीकडच्या मैदानात तिचा वर्ग खेळत होता. तिने छाती भरून श्वास घेतला.

"ए नववीऽऽ! पट्ट्या घेऊन याऽऽ!"

खेळ जागच्या जागी थांबला. कुणी घरी पळालं, कुणी शेजाऱ्याची पट्टी पळवली, आणि बघता बघता सगळी वरात जहाजावर.

"आम्हाला काय मिळणार गं?"

"रोज अर्धा तास जास्त झोप!"

तळात नुसती खरखर सुरू झाली. "भूमितीत कधी एवढी पट्टी चालवली नाहीस," एकीने टोमणा मारला. "भूमितीत कुठे बोट मिळते?" दुसऱ्याने परतवला. आत्या पायरीवरून उठली, केस वर बांधले आणि म्हणाली, "सरका रे, मला पण एक पट्टी द्या."

बाई परत आल्या. पहिलं दार: खडू, धाड्, उघड. काळ्या रबरावर पांढरी रेघ, सलग. दुसरं, तिसरं, सलग. शेवटच्या दाराशी बाईंनी चष्मा चढवला आणि कोपऱ्यात बोट धरून रेघेबरोबर फिरत गेल्या. वर, आडवं, खाली. नववी श्वास रोखून उभी.

"कुठेच तुटत नाही," बाई म्हणाल्या आणि सही ठोकली.

नववीने ठोकलेल्या आरोळीने धक्क्यावरचे बगळे उडाले.

सोमवारी सकाळी बोट पहिल्यांदा निघाली. बाकांवर पूर्ण झोप झालेली, टवटवीत नववी. आत्या सुकाणूवर ताठ उभी होती. तिने भोंगाला पुढे बोलावून जहाजाच्या शिट्टीची दोरी तिच्या हातात दिली. भोंगाने ती ओढली आणि सोबत स्वतःही ओरडली.

पलीकडच्या काठावर शिपाईकाका दचकून शाळेची घंटा वेळेआधीच बडवून बसले.