आतून धुतलेली गाडी

मी एक गाडी बोलतेय. म्हणजे, बोलता आलं असतं तर हे पुढचं रामायण घडलंच नसतं. मला बोलायला एक पिवळा दिवा तेवढा दिलाय. तो लागला की माणसं आधी काचेवर टिचकी मारतात, मग म्हणतात, जाईल आपोआप.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यासारख्याच चाळीस पांढऱ्या जणी रांगेत उभ्या होत्या. मालकांनी प्रत्येकीचं दार लावून आवाज ऐकला आणि मला पसंत केलं. गेली बारा वर्षं मी त्यांच्याच घरी आहे. त्यांच्या जुन्या बनियनचं फडकं रोज सकाळी माझ्या पाठीवरून फिरतं. बायकोशी दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा हा माणूस मला पुसताना मात्र तोंडाला कुलूप लावत नाही. चिरंजीव माझ्यावरच गाडी शिकले. मागच्या दाराचा पोचा ही त्यांचीच देणगी. त्याला घरात 'तो खांब मध्ये आला' असं म्हणतात.

दोन महिन्यांपूर्वी सूनबाई आली. चालवायला माहेरीच शिकलेली. बोलते कमी, पण किल्ली फिरवल्यावर लगेच निघत नाही. हात चाकावर ठेवून क्षणभर माझा आवाज ऐकते. बारा वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

तिला टेकडीवरच्या रुग्णालयात, रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. सकाळी साडेसातला तिनं दार उघडायचं, कारण आठला नमुने यायला लागतात. बस पायथ्याशी सोडते, तीही मनात आलं तर. मालकांनी बराच विचार करून सांगितलं, "महिनाभर ने गाडी. नीट वापरलीस तर किल्ली तुझ्याकडेच राहील."

आणि त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं, म्हणून तर घोटाळा झाला. सून पहिल्या दिवशी स्वच्छ गाडीतून जावी म्हणून रविवारी बापलेक मला धुवायला घेऊन गेले. बाहेरून धुणं झालं. धुणाऱ्यानं विचारलं, इंजिनपण मारू का? माझं अंग अजून तापलेलं होतं. मालक म्हणाले, "मारा की. बारा वर्षांचा मळ आहे."

त्यानं बॉनेट उघडून फवारा रोखला. पावसात मी शेकडो वेळा भिजले आहे, पण पाऊस असा नळी रोखून, नेम धरून, सांध्यासांध्यात घुसत नाही. तिसऱ्या प्लगवरच्या रबराला बारीक चीर होती. पाणी तिथून आत शिरलं आणि प्लगच्या खड्ड्यात तळं करून बसलं. माझ्या चार सिलिंडरांपैकी एकाची चूल विझली. आता चौघांचं ओझं तिघांनी ओढायचं.

येताना मी दोनदा आचके दिले. दिवाही लावून पाहिला. बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं आणि चिरंजीवांनी रेडिओचा आवाज वाढवला. घरी आल्यावर मालकांनी बॉनेट वर करून इमारतीतल्या लोकांना बोलावून बोलावून दाखवलं. सूनबाईही बाजूला उभी होती. माझ्या आतल्या नळ्या चकाकत होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सोमवारी सकाळी ती एकटी निघाली. सपाटीवर मी कशीबशी ओढत गेले. टेकडीच्या चढाला मात्र माझ्यानं होईना. ती ॲक्सिलरेटर दाबत होती आणि मी जागच्या जागी थरथरत होते. मागे हॉर्नचा कल्ला. तिनं मला कडेला घेतलं, घरी फोन लावला. पलीकडून चिरंजीव सांगत होते की क्लच हळू सोड, घाई करू नकोस, सवय नाही ना तुला. रेडिओ वाढवणारा हात कुणाचा होता ते मला माहीत होतं. पण सांगणार कशी? मी आणखी एक आचका दिला. तोही तिच्याच खात्यावर गेला.

ती उरलेला चढ पायी चढली. चिरंजीवांनी येऊन मला खुरडत घरी नेलं. संध्याकाळी मालकांनी हात पुढे केला आणि तिनं मुकाट्यानं किल्ली दिली. बारा वर्षांत कधी हूं की चूं केलं नाही गाडीनं, असं ते दोनदा म्हणाले. सासूबाईंनी वरच्या खिडकीतून 'नवा हात आहे, चालायचंच' अशी भर घातली. जुनी गाडी आणि नवी सून, दोघींचा कायदा एकच: घरात काहीही वाजलं तरी आवाज हिचाच.

पुढचे दोन दिवस ती बसनं गेली आणि दोन्ही दिवस उशिरा पोचली. बुधवारी आल्यावर माझ्याच शेजारी उभं राहून तिनं नवऱ्याला सांगितलं की साहेबांनी आज शेवटचं बजावलंय. उद्या दार वेळेवर उघडलं नाही तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावतील. चिरंजीव म्हणाले, मिस्त्री येतोय ना आता, बघू.

मिस्त्री आला. मला चालू करून त्यानं डोळे मिटले आणि कान दिला. "एक सिलिंडर मारत नाहीये. आत पाणी मारलं होतं का?"

मालकांनी बनियनच्या फडक्याची घडी घातली. "छे. नुसतं पुसलंय."

चिरंजीव चपलेचा अंगठा बघत होते. मिस्त्रीनं मान हलवली. मग क्लचपासून बघावं लागेल, म्हणाला. गॅरेजला न्यावी लागेल, चार दिवस तरी धरा.

चार दिवस! मला सगळे नटबोल्ट तोडून ओरडावंसं वाटलं. पाणी आहे, पाणी, ते बघा, एका हाताच्या अंतरावर. तीन शहाणी माणसं भोवती, आणि एकाची अब्रू राहावी म्हणून माझा क्लच फाडायचा.

सूनबाई पायरीवर उभी होती. ती खाली आली. आवाज चढवला नाही, उलट थोडा उतरवलाच.

"बाबा, रविवारी तुम्ही आम्हांला बॉनेट उघडून दाखवलंत. खालून पाणी गळत होतं. मी पाय मागे घेतला होता." मग मिस्त्रीकडे वळून, "आधी प्लग काढून बघा, दादा. मला उद्या साडेसातला पोचायचंय."

मिस्त्रीनं तिसऱ्या प्लगवरची कॉइल उपटली, प्लग काढला आणि उलटा केला. थेंब ओघळले. त्याखाली तांबूस गंजाची कड होती. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. हवा मारून त्यानं खड्डे कोरडे केले, रबर आणि कॉइल नवी घातली. विझलेली चूल पेटली आणि माझा श्वास एकसारखा झाला.

किल्ली मालकांच्या हातात होती. त्यांनी ती बॉनेटवर ठेवली आणि वर निघून गेले. 'चुकलं' हा शब्द त्या घरात तिला कुणी म्हटला नाही. मला तर कोण म्हणणार.

आता मी बरी आहे, पण बाकीची तीन रबरंही बारा वर्षांचीच आहेत, हे ध्यानात असू द्या. मला धुवा, हौसेनं धुवा. आत मात्र ओलं फडकं पुरे आहे. आणि कुणी केविलवाणी कुरकुर करत असेल, तर चालवणारीचे दोष काढण्याआधी आपण काल काय उद्योग केले ते आठवून बघा. एवढंच मागणं आहे.

गुरुवारी सात वाजून वीस मिनिटांनी आम्ही रुग्णालयाच्या फाटकात होतो. तिनं मला बंद केलं तेवढ्यात फोन वाजला. मालक होते. पोचलीस का, त्यांनी विचारलं. हो, ती म्हणाली. मग त्यांनी घसा खाकरला.

"गाडीनं काही त्रास दिला का?"

तिनं शेजारच्या सीटवरची पर्स उचलली, दार उघडलं.

"गाडीनं नाही, बाबा."