सोमलाच्या विहिरीचं लाल पाणी

दोन जर्मनच्या पराती शेजारी ठेवल्या होत्या आणि अख्खा तांडा त्यांच्याभोवती कोंडाळं करून उभा होता. एकीत नाल्याचं पाणी, दुसरीत नव्या सरकारी विहिरीचं. प्रेमसिंग भगतानं मंत्र पुटपुटत दोन्हींत चिमूटभर हळद टाकली. नाल्याचं पाणी पिवळं झालं. विहिरीचं पाणी मात्र लाल होत गेलं, थेट रक्तासारखं. गर्दीतल्या बायका रडायला लागल्या.

"डोये उघडून पाहा," भगत म्हणाला. "नाल्यात काई नाई, तो पिवयाच राह्यला. या विहिरीत आपला सोमला अजून तळमळून राह्यला. सरकारनं त्याले खाल्लं, अन् आता त्याचंच रगत तुमाले पाजून राह्यलं."

मी आसेगावजवळच्या या तांड्यावर शाळा चालवत होतो. साल सत्तावन्न. नाल्याचं पाणी पिऊन दर उन्हाळ्यात इथली पोरं जुलाबानं जायची, म्हणून तांड्यानं विहिरीसाठी अर्जावर अर्ज केले. अर्ज केले ते नागपूरच्या सरकारकडे, आणि पाणी लागलं तोवर आमचा मुलूख मुंबईच्या सरकारकडे गेलेला. विहीर खणताना सुरुंगाचा दगड उडून सोमला मेला. गोमतीबाईचा एकुलता एक मुलगा. म्हणूनच बांधकाम संपल्यावर पूजेचा मान तांड्याच्या नाईकानं तिला दिला होता. तिनं पहिल्या बादलीत हळद वाहिली आणि तिच्या हातातच पाणी लाल झालं. तिनं ती बादली कुणाला ओतू दिली नाही, पदराखाली झाकून घरी नेली.

तेव्हापासून विहीर झपाटली. बायका लांबचा फेरा घालून नाल्यावर जायच्या, विहिरीकडे बघायच्यादेखील नाहीत. गोमतीबाई तेवढी रोज संध्याकाळी कठड्याशी बसायची. आत वाकून विचारायची, "जेवला का रे?" आणि उत्तराची वाट बघत राहायची. खालून कधी एखादा थेंब टपकला तर मान हलवायची. मी भुताखेतांना मानत नाही, पण शाळेतून परतताना तिचा तो आवाज ऐकला की अंगावर काटा यायचा आणि पाय आपोआप भरभर पडायचे.

भगताचं मागणं सरळ होतं. विहिरीवर सोमलाचं ठाणं बांधायचं, दर अमावास्येला बकरा द्यायचा आणि पाण्याला कुणी शिवायचं नाही. हे सांगायला सोमला प्रेमसिंगच्याच अंगात यायचा. मेलेला मुलगा आई सोडून भगताकडे का जातो, एवढं विचारायचं धाडस तांड्यात कुणाला झालं नव्हतं.

त्या दिवशी सोमलाची बायको ललिताबाई गर्दीत पुढेच उभी होती. तिच्या कडेवरच्या पोराला जुलाब लागले होते. डोळे खोल गेलेले, मान टाकलेली. याच उन्हाळ्यात तांड्यातली दोन पोरं गेली होती आणि तिसरं मला समोर दिसत होतं. मला रागही आला होता आणि भीतीही वाटत होती.

"प्रेमसिंग, जरा चुना द्या," मी म्हणालो.

"मास्तर, तंबाखू खायाची वेळ हाये का हे?"

"द्या तर खरं."

त्यानं कुरकुरत चंचीतली चुन्याची डबी काढली. मी बोटावर चुना घेतला आणि नाल्याच्या पिवळ्या पाण्यात ढवळला. ते पाणीही लाल झालं, शेजारच्या परातीइतकंच.

"आता सांगा, नाल्यात कोण मेलं?"

ललिताबाई हळूच म्हणाली, "सोड्यानं कापड धुतलं का हयदीचा डाग असाच लाल पडते." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीनं हे नाल्याच्या दगडावर शंभरदा पाहिलं होतं.

"चुन्यानं होत असंन," भगत उसळला, "पन रगतानंबी होते."

"रक्त असलं तर ते लिंबानं जाणार नाही," मी म्हणालो. उताऱ्याला ठेवलेलं त्याचंच लिंबू त्याच्याच सुरीनं कापलं आणि विहिरीच्या पाण्यात पिळलं. लाल रंग फिकटला आणि पाणी पिवळं झालं. प्रेमसिंग रिसोडच्या बाजारात कुंकू विकायचा, आणि कुंकू हळदीत चुना घालूनच करतात, म्हणजे त्याला हे ठाऊकच असणार, हे मला नंतर कळलं.

नाईक धरमसिंग पुढे आला. "मास्तर, विहिरीत चुना कोनं टाकला?"

"कुणी नाही. दगड चुन्यातच बांधलेत. बांधकाम ताजं आहे, चुना पाण्यात उतरतो. पाणी उपसलं असतं तर केव्हाच निघून गेला असता. तुम्ही भीतीनं उपसलंच नाही, म्हणून पाणी लाल होत राहिलं."

नाईकानं दोर आणायला माणसं पाठवली. भगत पाय आपटत निघून गेला. मी खुशीत होतो, तेवढ्यात गोमतीबाई परातीपाशी येऊन बसली. पिवळ्या पाण्यात बोट बुडवून तिनं विचारलं, "मास्तर, मंग माहा सोमला याच्यात नाई?"

"नाही, माय."

"मंग मी रोज कोनाशी बोलत होती?"

भगताचं खोटं उघडं पाडताना मी तिचा मुलगा तिच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेतला होता. मला फार वाईट वाटलं. तरी खोटं बोलून तिचं सांत्वन करायला जीभ वळली नाही. मुलगा गेल्यापासून ती रडली नव्हती, असं बायका म्हणायच्या. ती तिथेच, परातीला धरून, मोठ्यानं रडली.

पुढे कितीतरी दिवस अख्ख्या तांड्यानं उपसा केला. पाणी निवळलं, हळद पिवळी राहू लागली. तोवर ललिताबाईचं पोर मी वाशीमहून आणलेल्या औषधावर आणि नाल्याच्या उकळलेल्या पाण्यावर तगून होतं; आता विहिरीचं पाणी उकळून पाजायला मी सांगितलं. पोराला पाणी पाजायला ललिताबाईचा हात मात्र धजेना. गोमतीबाईनं तिच्या हातून वाटी घेतली, आधी स्वतः घोट घेतला आणि पोराच्या तोंडाला लावली.

"पी," ती म्हणाली. "तुहा बाप याच्यासाठीच खाली उतरला होता."

पोर जगलं. पण आधीची दोन गेली, ती विहीर भरलेली असताना गेली, हे मी विसरलेलो नाही. तुमच्या गावात असं काही लाल झालं, पेटलं किंवा अंगात आलं, तर हात जोडायच्या आधी जवळ जा, शिवून बघा आणि विचारा. तुम्ही विचारेपर्यंत कुणाचं तरी पोर नाल्याचं पाणी पीत असतं.