काळी कॅसेट, दुसरी बाजू

आमच्या दादाला पन्नाशीत एकदम पोस्ट-पंक, म्हणजे ते उदास इंग्रजी रॉक संगीत, आवडायला लागलं. आवडू दे की, माझं काय जातंय? पण रविवारच्या पुरवणीत त्याने लिहिलं, 'मी सोळा वर्षांचा असताना वरच्या मजल्यावरच्या नर्सताईंनी मला एक काळी कॅसेट दिली,' आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅसेट मला दिली होती. पंधरा वर्षांची मी होते. हा तेव्हा वक्तृत्व स्पर्धांच्या ढाली गोळा करत हिंडायचा, आणि माझ्या खोलीतून गाणं ऐकू आलं की दारात उभा राहून विचारायचा, "कोण मेलंय गं?"

रोज, न चुकता. आई हसायची, बाबा हसायचे.

हसणाऱ्यांसाठी ते गाणं नव्हतंच मुळी. कोरडे ठणठणीत ड्रम, सगळ्यांच्या पुढे चालणारा बेस, गारठलेल्या बोटांनी वाजवल्यासारखी गिटार, आणि गाणारी बाई अशी गायची की मला कुणी काही विचारू नका. शब्द मला निम्मेच कळायचे. पण घरात सगळे 'तोंड काय पाडून बसलीस, हस की जरा' म्हणायचे, आणि ही एकटी म्हणायची, नको हसूस. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं मी शाळेला निघताना, बूट घालून, उभ्यानेच ऐकायचे. त्याशिवाय पाय घराबाहेर पडत नसे. खोटं नाही सांगत, त्या गाण्याने मला जगवलं.

कॅसेटच्या पाठीवर दोन चिमुकल्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. मी दोन्ही मोडून ठेवल्या होत्या. पण पट्टीच्या जागी पडलेलं भोक चिकटपट्टीने बुजवलं की पुन्हा होतं. दादाने बुजवलं. घरात तीन कोऱ्या कॅसेटी होत्या, तरी त्याने माझी घेतली, खोलीला आतून कडी लावली आणि अख्ख्या दुसऱ्या बाजूवर स्वतःच्या भाषणाचा सराव करून ठेवला. विषय होता 'माणुसकी'.

नर्सताई तोवर बदली होऊन गेल्या होत्या. कॅसेटवर ना बँडचं नाव, ना गाण्यांची; पहिली बाजू भलत्याच बँडची. चौतीस वर्षं शोधतेय मी. टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान टाकलं तेसुद्धा, एखाद्या गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये तीच कॅसेट अडकून येईल, या खुळ्या आशेपायी. अजून आलेली नाही.

लेख छापून आला त्याच आठवड्यात दादाचा फोन. "छोटे, वाचनालयात माझा कार्यक्रम ठेवलाय. 'माझी काळी कॅसेट'. तुझ्याकडेच असेल ना ती? घेऊन ये. आणि दुकानातला एखादा चालू डेकही आण."

"तुझी कॅसेट?"

"अगं, घरातली! या वयात काय तुझं-माझं करतेस?"

चोर तो चोर, वर शिरजोर. "पुन्हा कधी ऐकलीस का रे?" मी विचारलं.

"मनात रोज ऐकतो. दुसऱ्या बाजूचं तिसरं लाव."

हे त्याला माहीत होतं, कारण ते गाणं गेलं म्हणून मी चार दिवस जेवणाच्या टेबलावर रडले होते. ते कशामुळे गेलं, एवढं मात्र तो साफ विसरला होता. लाथ मारणाऱ्याच्या पायाला कुठे वळ उठतो?

"आणते," मी म्हणाले.

साठेक माणसं होती. दादा अर्धा तास बोलला. एकटेपणावर बोलला, गारठलेल्या गिटारवर बोलला. 'त्या गाण्याने मला जगवलं,' असंही म्हणाला. पहिल्या रांगेत वहिनी डोळे पुसत होती. मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "ही आमची धाकटी. मशीनचं सगळं हीच बघते."

मी दुकानात कॅसेट नेमक्या जागी आणून ठेवली होती. बटण दाबलं आणि आवाज मोठा केला.

"माणुसकी म्हणजे दुसऱ्याचं दुःख ओळखणं!" सोळा वर्षांचा दादा खणखणीत आवाजात म्हणाला. लोक हसले. दादा क्षणभर चपापला, मग तोही हसला. "बघा, तेव्हापासून माईक सोडलेला नाही!" टाळ्या पडल्या. निसटला मेला, असं मला वाटलं.

तेवढ्यात कॅसेटमध्ये दारावर थापा पडल्या. "दादा, दार उघड. दादा, ती नको ना. दुसरी घे. दादा, पाया पडते तुझ्या." भाषण थांबलं नाही. उलट त्याचा आवाज चढला. थापा चालू, माझं रडणं चालू, आणि त्यावर माणुसकी. एव्हाना कुणीच हसत नव्हतं. वहिनी दादाकडे बघत होती.

तो उठून टेबलाशी आला. "बंद कर ते," दात-ओठ खात पुटपुटला. त्याचा हात बटणाकडे गेला, मी तो धरून ठेवला. माईक चालूच होता.

"का रे दादा?" मी विचारलं. "कोण मेलंय?"